विश्वस्त आणि विश्वासार्ह : एका चिपची परीक्षा

'विश्वास' हा शब्द संगणकाच्या बाजारपेठेत वादाचा विषय झाला, त्याला अजून तीन दशकेही झालेली नाहीत. १९९९ साली कॉम्पॅक, एचपी, आयबीएम, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनी एक संघटना उभारली. २००३ मध्ये 'ट्रस्टेड कॉम्प्युटिंग ग्रुप'ने तिची जागा घेतली. संगणकात एक छोटी स्वतंत्र चिप बसवावी, गुप्त किल्ल्या तिच्या पोटात ठेवाव्यात आणि संगणक सुरू होताना कोणकोणते प्रोग्राम जागे झाले याची नोंद तिच्याकडे असावी, असा हा बेत होता. या चिपला टीपीएम म्हणतात.

विरोधही लगोलग झाला. २००२ मध्येच केंब्रिजचे रॉस अँडरसन आणि मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे रिचर्ड स्टॉलमन यांनी प्रश्न केला, की ही चिप राखण करणार ती कोणाची? संगणकाच्या मालकाची, की मालकावर नजर ठेवू पाहणाऱ्या कंपन्यांची? स्टॉलमन यांनी 'ट्रस्टेड' या शब्दाच्या जागी 'विश्वासघातकी' या अर्थाचा इंग्रजी शब्द वापरला. अँडरसन यांचा मुद्दा आम्हांला अधिक मोलाचा वाटतो. अमेरिकी संरक्षण खात्याच्या परिभाषेत 'ट्रस्टेड' घटक म्हणजे भरवशाला पात्र असलेला घटक नव्हे. तो दगा देऊन सुरक्षा मोडू शकतो, असा घटक. मराठीला हा भेद सहज पेलतो. विश्वस्त असणे वेगळे, विश्वासार्ह असणे वेगळे. देवस्थानांच्या कारभाराविषयीच्या बातम्या वाचणाऱ्यास हे सांगायला नको.

वाद चालू असतानाच, २००५ मध्ये, लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, या चिपशी बोलणारा चालक-प्रोग्राम दाखल झाला. २०१४ मध्ये टीपीएमची दुसरी आवृत्ती आली आणि तिची आज्ञावली पहिलीहून इतकी निराळी होती, की पुष्कळ काम नव्याने करावे लागले. कर्नलच्या स्वतःच्या चाचणीसंचात मात्र या चिपसाठी काही नव्हते. यार्क्को साक्किनेन हे या भागाची देखभाल करणारे प्रोग्रामर. त्यांच्या खाजगी वापरात बराच काळ असलेल्या चाचण्या अखेर मे २०१९ मध्ये, लिनक्सच्या ५.१ या आवृत्तीबरोबर, संचात आल्या. पदरच्या टिपणांना संहितेचा दर्जा मिळावा, तसे हे झाले. आता त्या कोणालाही वाचता येतात, चालवता येतात, त्यांत चूकही काढता येते.

या चाचण्यांचे स्वरूप पाहण्यासारखे आहे. चिपमध्ये एक नोंदवही असते, पण तिच्यात खाडाखोड करता येत नाही. नवी नोंद आली की जुन्या आकड्यात ती मिसळून एकच नवा आकडा तयार होतो. अशा अनेक खात्यांपैकी सोळाव्या खात्याचा आकडा अमुक असेल तरच गुपित उघडावे, अशी अट घालून चाचणी ते गुपित मोहोरबंद करते. मग ती मुद्दाम पहिल्या खात्यात भर घालते. अटीशी त्याचा संबंध नाही, म्हणून गुपित उघडलेच पाहिजे. नंतर सोळाव्यात भर घालते. आता ते उघडता कामा नये. उघडले, तर परीक्षा नापास. उत्तम परीक्षक बरोबर उत्तराइतकीच नकाराचीही परीक्षा घेतो.

यातून चिपचे अंतरंग कळते काय? तितके नाही. २०१७ मध्ये चेक प्रजासत्ताकातील मासारिक विद्यापीठाच्या संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की इन्फिनिऑन कंपनीच्या चिपांत तयार होणाऱ्या काही किल्ल्या त्यांच्या उघड्या अर्ध्या भागावरूनच शोधून काढता येतात. त्या चिपांतही गुपिते नियमाप्रमाणे मोहोरबंद होत होती आणि नियमाप्रमाणेच उघडत होती. वर सांगितलेली परीक्षा त्या विनासायास उत्तीर्ण झाल्या असत्या, असे आमचे मत आहे. म्हणजे १९९९ पासून ज्यांना विश्वस्त म्हटले गेले, त्यांचे वर्तन आता कोणालाही तपासता येते, पण विश्वासार्हतेचा निकाल त्यातून लागत नाही.

चाचणीकर्त्यांची गृहीतकेही अशीच उघडी पडली. एसएचए-१ या जुन्या पद्धतीची नोंदवही प्रत्येक चिपमध्ये असेलच, असे त्यांनी धरले होते. ती नसलेल्या चिपांवर चाचण्या कोसळू लागल्या, तेव्हा कोणती वही आहे हे आधी चिपलाच विचारण्याची सोय करावी लागली. दुसरी अडचण अधिक मौजेची. चुकीचा परवलीचा शब्द देऊन नकार येतो का, हेही तपासायचे असते. पण चिप असे प्रयत्न मोजते, आणि ते फार झाले की दार लावून घेते. समोर परीक्षक आहे की चोर, हे तिला कसे कळावे? त्यामुळे त्याच चाचण्या लागोपाठ पुन्हा चालवल्या की त्या अडत. यावर उपाय म्हणून ते कुलूप पुन्हा मोकळे करण्याची आज्ञा पुढे चाचण्यांतच घालण्यात आली. अर्थात, चिपची तसा अधिकार देणारी किल्ली परीक्षकाकडे असली पाहिजे.