पट्टी एकीकडे, सूर दुसरीकडे

बेंगळुरूचे शिवाजीनगर इंग्रजांनी 1809 साली वसवलेल्या छावणीच्या भागात वाढले. छावणी आणि जुनी पेठ यांच्या नगरपालिका 1949 पर्यंत वेगळ्या होत्या, आणि ढोबळमानाने पाहिले तर कानही वेगळे. छावणीत चर्चचा ऑर्गन आणि पलटणीचा बँड, पेठेत वीणा आणि तंबोरा. ऑर्गनचे सप्तक बारा सारख्या भागांत कापलेले, वीणेचे षड्जावरून लावलेले. आज कोणी कीबोर्डची वायर कॉम्प्युटरला लावून ध्वनिमुद्रण करू लागला, की ऑर्गनची बाजू कायमची जिंकली असे मानले जाते. मला हे पटत नाही. पट्टी आणि सूर यांची जुनी गाठ त्या वायरीनेच सैल केली.

ती गाठ आपल्याकडे आणली पेटीने. पेटीत पट्टी दाबली की ठरलेल्या पितळी जिभेवरून हवा जाते. जीभ जशी घासली असेल तोच सूर. सारख्या अंतराच्या सप्तकात शुद्ध गांधार तंबोऱ्यात ऐकू येणाऱ्या गांधारापेक्षा चढा निघतो, अर्ध्या सुराच्या जवळजवळ सातव्या हिश्श्याने. मराठी संगीत रंगभूमीने तरीही पेटी जवळ केली, आणि गोविंदराव टेंब्यांनी ती साथीपुरती न ठेवता स्वतंत्र वादनापर्यंत नेली. दोष खटकला तो कृष्णाजी बल्लाळ देवलांना. त्यांनी 1910 मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिले, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याची मदत घेतली, आणि ई. क्लेमेंट्स या इंग्रज न्यायाधीशाच्या साथीने श्रुतींची पेटीच करवून घेतली. 1916 च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती जाणकारांच्या पसंतीस उतरली नाही. पुढे 1940 मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीला दारच बंद केले. ते किलकिले व्हायला 1971 उजाडले. देवलांची तक्रार रास्त होती, उपाय मात्र फसणारा होता: जास्त जिभा बसवल्या तरी प्रत्येक जीभ पुन्हा एकाच सुराला बांधलेली.

1983 च्या जानेवारीत अमेरिकेतील वाद्यांच्या प्रदर्शनात सिक्वेन्शियल आणि रोलँड या प्रतिस्पर्धी कंपन्यांचे कीबोर्ड एका वायरीने जोडले गेले, तेव्हा हे बंधन सुटले. डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने ठरलेल्या त्या मिडी पद्धतीत वायरीतून आवाज जातच नाही. जातात आकडे: कितवी पट्टी, किती जोरात, कधी सोडली. मधल्या ‘सी’चा क्रमांक 60. म्हणून कॉम्प्युटरने टिपलेली ओळ आधी बासरीत, मग सतारीत ऐकता येते. साठाव्या पट्टीने नेमका कोणता सूर द्यायचा हे पलीकडचे यंत्र ठरवते, आणि 1992 मध्ये तर पट्टीगणिक सूर बदलण्याचीही रीत ठरली. देवलांना कानस घेऊन जे करावे लागले असते, ते आता वाजवून झाल्यावरही करता येते. बेंगळुरूच्या राडेल कंपनीचा इलेक्ट्रॉनिक तंबोरा हाही त्याच बाजूचा पुरावा. जी. राजनारायण या बासरीवादक अभियंत्याने 1979 मध्ये ही कंपनी काढली. तिच्या तंबोऱ्याचा षड्ज खुंटी फिरवून हवा तिथे नेता येतो. म्हणजे बारा घरांची सक्ती विजेची नव्हतीच.

कोणी म्हणेल, ही सोय वापरतो कोण? कीबोर्ड बारा सारख्या सुरांतच येतो आणि बहुतेकांच्या हातून तसाच मुद्रित होतो. खरे आहे, पण तो आळस वाजवणाऱ्याचा. (जिभेच्या पेटीला ही सबब नव्हती.) मींडेचा आक्षेप अधिक जड आहे. सूर वाकवायचे चाक असते, पण ते मिडीच्या एका वाहिनीवरचे सगळे सूर एकदम वाकवते. प्रत्येक बोटाला वेगळी वाहिनी देण्याची रीत 2018 मध्ये प्रमाण झाली, तिला साजेसे कीबोर्ड अजून थोडेच. सर्वात अवघड प्रश्न देवलांनाही सुटला नव्हता: गवयाचा गांधार रागागणिक, कधी एकाच तानेत चढता-उतरताही, जागा बदलतो. बावीस आकड्यांचा तक्ता त्याला पुरत नाही, मिडीच्या एकशे अठ्ठावीस पट्ट्यांचाही नाही. टिपलेल्या ओळीतला एकेक सूर हाताने सरकवता येतो खरा. तो कुठे थांबवायचा हे तक्त्यात नसते, आणि बडोद्यातल्या जाणकारांनीही ते कानानेच ठरवले होते.