कर्जातून सुटण्याचा दंड आधी कोणाला माफ झाला?

वतनातून सुटतानाही पैसे मोजावे लागले, हे आपल्या आज्या-पणज्यांना चांगले ठाऊक होते. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे विधेयक मांडले. वतने रद्द व्हायला १९५८ चा कायदा यावा लागला, आणि तेव्हाही चाकरीपोटी मिळालेली जमीन पुन्हा नावावर करून घेण्यासाठी आकाराच्या तिप्पट रक्कम सरकारात भरायची होती. मुदतीआधी कर्ज फेडणाऱ्याकडून बँक जो दंड घेते, तो मला याच जातकुळीतला वाटतो.

२०१० च्या आसपास बँका नव्या गिऱ्हाईकाला स्वस्त दराने गृहकर्ज देत आणि जुन्याला चढ्या दरात अडकवून ठेवत. तो दुसऱ्या बँकेकडे निघाला की बाकी रकमेवर दंड. दोन टक्के धरला तरी आठ लाखांवर सोळा हजार! बँका म्हणत, मुदत गृहीत धरून आम्ही पैसा उभा करतो. स्थिर दराच्या कर्जात त्यात थोडे तथ्य आहे. पण दर बदलता असेल तर वाढत्या व्याजाचा धोका कर्जदारच सोसतो. मग दंड कशाबद्दल? तरीही २०१० मध्ये स्पर्धा आयोगाने बहुमताने बँकांच्या बाजूने कौल दिला. पुढे दामोदरन समितीने उलट शिफारस केली आणि जून २०१२ मध्ये रिझर्व्ह बँकेने बदलत्या दराच्या गृहकर्जावरील दंड बंद केला.

२०१४ मध्ये ही सवलत व्यक्तींच्या इतर बदलत्या दराच्या मुदतकर्जांना मिळाली. २०१९ च्या खुलाशात मात्र एक अट स्पष्ट झाली: कर्ज व्यवसायासाठी नसावे. म्हणजे पगारपत्रक दाखवून फ्लॅट घेणारा सुटला, आणि २०१६ च्या 'स्टँड-अप इंडिया'तून धंदा उभारणारी आपली पोरे बाहेर राहिली. 'नोकरी मागू नका, नोकरी द्या' म्हणणाऱ्यांना हे दिसले नाही का?

बचत गटांतल्या बायकांच्या सूक्ष्म कर्जावरील दंड २०२२ मध्ये गेला. लघुउद्योजकाची पाळी सर्वांत शेवटी आली: १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या बदलत्या दराच्या व्यवसाय कर्जावर मोठ्या व्यापारी बँकांना दंड घेता येत नाही. ग्रामीण बँका, स्मॉल फायनान्स बँका आणि मध्यम वित्त कंपन्यांना ही बंदी ५० लाखांपर्यंतच्या कर्जालाच आहे. स्थिर दराचे व्यवसाय कर्ज अजूनही बाहेरच आहे. त्यामुळे मंजुरीपत्रात दर 'स्थिर' लिहिलाय की 'बदलता', हे सहीआधी बघा, आणि तारीखही.