एका दातेरी चाकामागचा कायदा

१/ एप्रिल २०१७. टेस्ला कंपनीने सुमारे ५३,००० ‘मॉडेल एस’ व ‘मॉडेल एक्स’ मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. कारण होते पार्किंग ब्रेकमधील एक लहानसे दातेरी चाक.

२/ या ब्रेकला ओढायचा दांडा नसतो. विजेची मोटर दातेरी चाकांच्या साहाय्याने तो आवळते व सोडते. चाक तुटले, तर आवळलेला ब्रेक सुटणार नव्हता आणि गाडी जागीच अडकणार होती. दोष ५ टक्क्यांहूनही कमी गाड्यांत असावा, असा कंपनीचा अंदाज होता; बोलावणे मात्र सर्वांना गेले.

३/ अशा बोलावण्यामागे अर्ध्या शतकाचा कायदा उभा आहे. राल्फ नेडर यांच्या १९६५ च्या ग्रंथाने अमेरिकेचे जनमत ढवळून काढले. १९६६ च्या कायद्याने सुरक्षेतील दोष ग्राहकास कळवणे उत्पादकांवर बंधनकारक केले. पण दुरुस्तीचा खर्च कोणी सोसायचा? तो भार उत्पादकावर टाकला १९७४ च्या सुधारणेने.

४/ भारतात वाहन उद्योगाने २०१२ मध्ये स्वेच्छेने संहिता स्वीकारली. सदोष वाहने परत मागवण्याचा आदेश देण्याचा अधिकार शासनास मिळाला, तो २०१९ च्या मोटार वाहन (सुधारणा) अधिनियमाने. अमेरिकेच्या पहिल्या कायद्यानंतर तब्बल ५३ वर्षांनी.