चिमूर ते लंडन : अंतर नेमके कोणते?

चिमूरहून उमरेडमार्गे नागपूर सडकेने सुमारे शंभर किलोमीटर; हवाई अंतर पाऊणशेच्या आसपास. एवढ्या टापूत पृथ्वी सपाट मानली तरी काही बिघडत नाही. खंड ओलांडायचा असेल, तर मात्र हिशेब बदलतो.

चिमूरच्या अक्षांशावर, म्हणजे सुमारे २०.५ अंश उत्तरेला, रेखांशाचा एक अंश १०४ किलोमीटर भरतो. लंडनच्या अक्षांशावर तोच अंश ६९ किलोमीटरवर येतो, कारण रेखावृत्ते ध्रुवाकडे एकमेकांजवळ येत जातात. मर्केटरच्या नकाशात ती समांतर काढलेली असतात. अशा नकाशावर नागपूर-लंडन रेघ पट्टीने ओढली, तर तिचा मध्य इराकमधल्या मोसुलच्या जवळपास पडतो आणि लांबी ७,७२५ किलोमीटर होते. पृथ्वीगोलावर दोरी ताणून पाहिली, तर मध्य थेट कॅस्पियन समुद्रावर जातो आणि अंतर भरते ७,४७० किलोमीटर. पट्टीची रेघ नागपुरातून उत्तरेच्या पश्चिमेला ६४ अंश कलते, दोरी फक्त ४२ अंश. सरळ दिसणारी वाट लांबची, वाकडी दिसणारी जवळची!

दोरीचा हा मार्ग बृहद्वृत्ताचा, म्हणजे पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने गोलावर आखलेल्या वर्तुळाचा, तुकडा असतो. दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश कळले की केंद्राशी होणारा कोन त्रिकोणमितीने काढता येतो. नागपूर-लंडनसाठी तो ६७.२ अंश येतो; अंशाला १११.२ किलोमीटर धरून गुणायचे, की झाले. पृथ्वीची त्रिज्या विषुववृत्ताशी ६,३७८ आणि ध्रुवाशी ६,३५७ किलोमीटर आहे, म्हणून उत्तरात थोडा फरक पडतो. आपल्या कामापुरता तो सोडून द्यावा.

पण विमान दोरीवरून जात नाही. ही दोरी राजस्थान, पाकिस्तान, अफगाणिस्तान ओलांडते आणि पुढे युक्रेनवरून जाते. युक्रेनचे आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद झाले. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांना आपली हद्द बंद केली. शिवाय दोह्याला विमान बदलले, तर दोन टप्प्यांची बेरीज ८,०८० किलोमीटर होते, म्हणजे सहाशे जास्त. पश्चिमेकडे जाताना वरच्या थरातले वारे समोरून येतात, त्यामुळे जायला परतीपेक्षा जास्त वेळ लागतो. अंतर तेच असते. म्हणून तासांवरून किलोमीटर काढण्याची पद्धत मला मुळीच मान्य नाही.

शाळेत पृथ्वीगोल असेल, तर मुलांकडून मुंबई-न्यूयॉर्क मोजून घ्या. मर्केटरवरच्या रेघेने ते १४,२०० किलोमीटर भरते, दोरीने साडेबारा हजार.