बाकाच्या पोटातलं पाणी

सकाळी साडेसहाला फोन वाजला की आमच्या घरात दोनच शक्यता धरल्या जातात. एक, नात्यातलं कुणीतरी गेलं. किंवा दोन, अमेरिकेतल्या पुतण्याला करमत नाही. त्या दिवशी फोनवर पुतण्याच होता, पण आवाज मात्र पहिल्या शक्यतेला शोभेल असा.

"काका, बोटीत पाणी शिरलं!"

आता मी पडलो वर्धा जिल्ह्यातला माणूस. सिंदी मेघे इथे सगळा जन्म गेला. बोटीशी माझा संबंध कागदी होडीच्या पलीकडे कधी गेला नाही. "पोरं कुठं आहेत? पोहता येतं ना सगळ्यांना?" असा मी इतक्या मोठ्यानं ओरडलो की आमच्या सौभाग्यवती हातातल्या निरांजनासकट देवघरातून बाहेर आल्या.

"तसं नाही हो काका," पुतण्या म्हणाला. "बोट ठीक आहे. बसायच्या सीटखाली पेट्या असतात, त्यात पावसाचं पाणी साचलं. पोरांची लाइफ जॅकेटं भिजून त्यांना बुरशी आली. आता पोरांना पाण्यावर न्यायचं कसं?"

पुतण्या राहतो मिनेसोटात. तिथं तळी इतकी, की मोटारींच्या नंबरपाट्यांवरसुद्धा 'दहा हजार तळी' असं छापलेलं असतं. आपल्याकडे जशी दारात स्कूटर, तशी तिथं धक्क्याला बोट. त्यातल्या त्यात त्याची बोट म्हणजे पाँटून. दोन लांबलचक बंद नळकांडी, त्यांवर सपाट फळी आणि फळीच्या कडेनं सोफे. थोडक्यात, दिवाणखाना पाण्यावर सोडून द्यायचा! १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच मिनेसोटातल्या अँब्रोज वीरेस नावाच्या शेतकऱ्यानं पोलादी पिंपं एकापुढे एक जोडून त्यांवर लाकडी फळी ठोकली आणि असल्या बोटीचा जमाना सुरू झाला. शेतकऱ्याच्या डोक्यातून निघालेली वस्तू म्हणून मला तिच्याबद्दल आपुलकी आहे.

खरं सांगायचं तर पुतण्याचं गाऱ्हाणं ऐकून मला वाईट वाटण्याऐवजी बरंच वाटलं. कारण तोच आजार आमच्या ओसरीत ठाण मांडून बसला होता.

आमच्या ओसरीत सागवानी बाक आहे. १९६४ साली बाबांनी तो करून घेतला. बसायची फळी उचलली की खाली पेटी. त्या पेटीत बाबांचा पेटीचरखा, चार पेळू आणि त्यांनी काढलेली शेवटची सूतगुंडी. वर्धेच्या घरात पेटीचरखा असणं म्हणजे कोकणातल्या घरात नारळ असण्यासारखं आहे. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी ज्यावर खटपट केली, म्हणून ज्याला यरवडा चक्र म्हणतात, तोच हा चरखा. मिटला की हातात धरून नेण्याजोगी पेटी, उघडला की सूत. बाबा रोज संध्याकाळी त्या बाकावर बसून कातायचे आणि आम्ही अभ्यास करतो की नाही ते न बघता ओळखायचे.

एका वर्षी आषाढात झडी लागली. आमच्याकडे पाऊस पडत नाही, झडी लागते. पडणारा पाऊस थांबतो. लागलेली झडी पाहुण्यासारखी असते, कधी जाणार ते तिलाच ठाऊक. चौथ्या दिवशी बाक उघडला, तर आत चार बोटं पाणी आणि त्यात बाबांचा चरखा!

मी छत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. संकट आलं की इतर लोक मिस्त्री बोलावतात, मी दाखले आठवतो.

पहिला दाखला झर्क्सिस बादशहाचा. ख्रिस्तपूर्व ४८० साली ग्रीसवर चालून जाताना त्यानं हेलेस्पाँटच्या खाडीवर पूल बांधवला. वादळानं तो मोडला. तेव्हा या थोर माणसानं समुद्राला तीनशे फटके मारण्याचा हुकूम सोडला, असं हिरोडोटस लिहून गेला आहे. मीही आधी तेच केलं. ओसरीत उभा राहून पावसाला दहा मिनिटं शिव्या दिल्या. झर्क्सिसचं मात्र पुढं बरं झालं. त्यानं शेकडो नावा शेजारी शेजारी बांधून तरता पूल केला आणि फौज पार नेली. म्हणजे पाँटूनचे पूर्वजच ते. मी मात्र होतो तिथंच उभा, ओला.

दुसरा दाखला चार्ल्स मॅकिंटॉशचा. या स्कॉटिश गृहस्थानं १८२३ साली दोन कापडांच्या मध्ये रबर घालून पाणी न शिरणारं कापड केलं. मी सायकलची जुनी ट्यूब कापून बाकाच्या कडेनं चिकटवली. मॅकिंटॉशचं कापड उन्हाळ्यात चिकट व्हायचं आणि थंडीत कडक. पुढं १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला गंधक घालून रबर तापवायची युक्ती सापडली, तेव्हा कुठं रबर ताळ्यावर आलं. माझी ट्यूब ताळ्यावर आलीच नाही. पुढल्या वैशाखात तिनं बाक सोडला आणि आमच्या शेजाऱ्यांचं नवं धोतर धरलं.

तिसरा दाखला 'टायटॅनिक'चा. जहाजाच्या पोटात कप्पे पाडायचे, म्हणजे एकात पाणी शिरलं तरी बाकीचे कोरडे, ही अक्कल चिनी लोकांना फार पूर्वीच होती. मार्को पोलोनं तेराव्या शतकात त्यांच्या मोठ्या जहाजांत तेरापर्यंत कप्पे असल्याचं सांगून ठेवलं आहे. 'टायटॅनिक'मध्ये तर सोळा होते. पण कप्प्यांच्या भिंती पुरेशा वर नेल्या नव्हत्या. १९१२च्या एप्रिलात पुढचे कप्पे भरले, पाणी भिंतीवरून त्यांच्या मागच्यात गेलं, त्यातून आणखी मागच्यात. भिंती भक्कम, वरचा भाग उघडा! हे मी वर्गात किती वेळा फळ्यावर काढून दाखवलं असेल. आणि स्वतःच्या बाकाला लांबी भरताना तीन बाजू बंद केल्या आणि बिजागरीची बाजू विसरलो. मृग लागला, पहिली सर आली आणि पाणी बिजागरीतून आत गेलं. आता तीन बाजू बंद असल्यामुळे ते बाहेर यायचं नाव घेईना.

शेवटी सौभाग्यवतींनी माझ्या दाखल्यांना न जुमानता सुतार बोलावला. म्हातारा माणूस. त्यानं बाक कलता केला, खालून हात फिरवला, नखानं एके ठिकाणी टोकरलं आणि विचारलं,

"गुरुजी, हे भोकं कोनं बुजोले जी?"

"कुठली भोकं?"

"हे काय. चार कोपऱ्याले चार. बुडाले भोकं ठेवूनच हा बाक बनवला होता. बनवनाऱ्याले अक्कल होती."

मला दरदरून घाम फुटला. ती भोकं मीच बुजवली होती. बाबा गेल्यानंतरच्या दिवाळीत, साफसफाईत, उंदरांनी पाडली असं समजून! चांगलं सिमेंट कालवून, वरून रंग देऊन. आणि 'उंदरांचा बंदोबस्त केला' म्हणून घरात दोन दिवस मिरवलोही होतो.

"पान्याशी भांडू नये गुरुजी," सुतार म्हणाला. "पानी येतेच. त्याले जाले रस्ता पाहिजे."

त्या एका वाक्यासरशी माझे तिन्ही दाखले मुकाट्यानं खाली बसले. मग मी वर बघितलं. डोक्यावर कवेलू. कवेलूला काय कुणी रबर चिकटवतं? दोन कवेलूंच्या मध्ये हवा खेळते, तरी घर कोरडं राहतं. कारण कवेलू पाण्याला अडवत नाही, नुसतं खाली पाठवतं. बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, त्या कौलांच्या पाठीवरच्या पन्हळी आणि कडेच्या खाचा याच कामाच्या.

आमचे विज्ञानाचे एक जुने सहकारी संध्याकाळी आले, त्यांनी वर मीठ चोळलं. म्हणाले, "पेटी जितकी घट्ट, तितकी वाईट. उन्हानं आतली हवा तापून फुगते आणि बाहेर जाते. त्यावर गार पाऊस पडला की आत उरलेली हवा आकसते आणि फटीतलं पाणी आत ओढून घेते. तुमची पेटी पाणी पितेय, मास्तर!" म्हणजे इतके दिवस मी बाक बंद करत नव्हतो, त्याला पाणी प्यायला शिकवत होतो.

सुतारानं चारी भोकं मोकळी केली. झाकण कडेपेक्षा बोटभर बाहेर येईल असं केलं आणि खालच्या अंगाला एक बारीक खाच मारली; कडेवरून मागं सरकणारं पाणी त्या खाचेशी आलं की पुढं न जाता टपकून खाली पडतं. आत तळाला दोन पट्ट्या ठोकल्या, म्हणजे सामान जमिनीला टेकणार नाही. बिजागरीवर कातड्याची झालर. एवढं सगळं करून तो जाता जाता म्हणाला, "आन् झांज्या कायले बंद केल्या जी?"

झांज्या! शिंदीच्या पानांचे ते तट्टे. सेवाग्रामला पावसाळ्यात बापूकुटीच्या मातीच्या भिंतींना ते बांधतात, ते कुणीही जाऊन बघावं. बाबाही दर मृगाला ओसरीच्या उघड्या बाजूला झांज्या बांधायचे. त्यांच्यामागे मी त्या बंद केल्या, कारण आपण आता वर्धा शहराला लागून आलो, दारात झांज्या दिसल्या तर लोक काय म्हणतील? लोक काही म्हणाले नाहीत. पाऊस तेवढा आत आला.

रात्री मी पुतण्याला फोन लावला. "तुझ्या सीटखालच्या पेट्यांना बुडाला भोकं आहेत का?"

"काका, बोटीला भोकं पाडू?" तो हादरला.

"बोटीला नाही रे, पेटीला! पेटी फळीवर, फळी नळकांड्यांवर. पेटीतलं पाणी फळीवर येईल आणि फळीवरून तळ्यात जाईल. नळकांड्यांना हात लावू नकोस, म्हणजे झालं. आणि बोटीवर कापड घालतोस ना, त्याला मधे खांब दे. खोलगट राहिलं की त्याचंच तळं होतं."

तासाभरानं त्याचा फोन आला. भोकं होतीच. पानं आणि कचरा अडकून बुजलेली. काडी घातली तशी भळभळ वाहिली. माझ्या भोकांपेक्षा त्याची भोकं भाग्यवान. त्यांवर सिमेंट तरी नव्हतं. जॅकेटं मात्र नवी घ्यायला लावली. बुरशीच्या जॅकेटावर पोरांचा जीव टांगायचा नाही, इथं काटकसर नको, हे मी निक्षून सांगितलं.

मग तो जरा थांबून म्हणाला, "काका, आजोबांची गुंडी?"

गुंडी मी सावलीत पंधरा दिवस वाळवली. एका बाजूला पिवळा डाग राहिला आहे, तो आता जायचा नाही. चरख्याची पेटी फुगली होती, ती बसली. चात गंजली होती, ती घासून तेल दिलं. परवा चाक फिरवून पाहिलं, तर फिरलं. पण माझ्या हातून सूत काही निघेना, दर वितीला तुटतं. बाबांनी शिकवायचं म्हटलं होतं, तेव्हा मला झर्क्सिसची मोहीम पाठ करायची होती.

यंदा मृगाच्या आधी ओसरीला झांज्या बांधल्या. शेजारच्यांनी विचारलं, "हे काय हो मास्तर, पुन्हा जुनं?" मी म्हटलं, "वॉटरप्रूफिंग." त्यांनाही हव्या आहेत म्हणे.