लंडनच्या ॲम्ब्युलन्स कुठे अडकल्या?

सॉफ्टवेअर फसलं की आपण पटकन म्हणतो, "बग असेल." आज मी तुम्हाला १९९२ची लंडनची गोष्ट सांगतो. तिथे बग होताच, पण खरं दुखणं वेगळं होतं.

तेव्हा लंडन ॲम्ब्युलन्स सेवेचं काम कागदावर चालायचं. फोन आला की ऑपरेटर फॉर्म भरायचा, फॉर्म फिरत्या पट्ट्यावरून पुढे जायचा आणि कुठली गाडी पाठवायची हे अनुभवी माणसं ठरवायची. जवळपास ६८ लाख लोकवस्ती, रोजचे दोन हजारांवर फोन. वेळ फार जायचा, म्हणून कॉम्प्युटर आणायचं ठरलं. हेतू चांगलाच होता.

पण सिस्टीम कशी हवी, हे ठरवलं वरच्या लोकांनी. गाडीवर काम करणाऱ्यांना फारसं कुणी विचारलंच नाही. ट्रेनिंग झालं, पण इतकं आधी की प्रत्यक्ष कामाच्या वेळी बरंचसं विसरायला झालेलं.

२६ ऑक्टोबर १९९२ला सिस्टीम सुरू झाली. कुठली गाडी कुठे आहे हे कॉम्प्युटरला कायम अचूक कळेल, असं गृहीत धरलं होतं. इथेच घोळ झाला. धावपळीत बटण चुकीचं दाबलं जायचं, कधी रेडिओचा सिग्नल मिळायचा नाही, कधी कर्मचारी ठरलेली गाडी सोडून दुसरीच घेऊन निघायचे. मग एका ठिकाणी दोन गाड्या पोचायच्या, तर दुसरीकडे एकही नाही. वाट बघून कंटाळलेले लोक पुन्हा फोन करायचे. त्यानं सूचनांचा ढीग वाढायचा आणि जुन्या सूचना स्क्रीनवरून वर सरकून दिसेनाशा व्हायच्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी अर्धं काम पुन्हा हातानं सुरू झालं. ४ नोव्हेंबरला सर्व्हरही बंद पडला. कोडचा एक विसरलेला तुकडा मेमरी खात होता. शेवटी कागदच परत आला.

१९९३च्या चौकशी अहवालातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. २६-२७ ऑक्टोबरला कॉम्प्युटर तांत्रिक अर्थानं बंद पडलाच नव्हता! जसा बनवला होता, बहुतांशी तसाच तो चालला. बनवणाऱ्यांना कामाची रीतच नीट कळली नव्हती.

नंतर सेवेनं नवी सिस्टीम बनवली, ती जानेवारी १९९६मध्ये सुरू झाली. या वेळी कंट्रोल रूममधल्या लोकांना आधीपासून सोबत घेतलं. कच्चे नमुने दाखवले, त्यांचं ऐकून बदल केले, भरपूर सराव दिला आणि एकेक टप्पा सुरू केला. ती टिकली.

तुमच्यापैकी कुणी ॲप बनवत असेल, तर पहिली स्क्रीन काढण्याआधी एक दिवस त्या माणसाशेजारी बसा, जो ते रोज वापरणार आहे. त्याचे हात कसे चालतात ते बघा. भेटू पुढच्या भागात!