ढोलकीवाल्याची कादंबरी शोधताना

भोसरी, मोशी, चाकण, खेड, मंचर, नारायणगाव. पुणे-नाशिक रस्त्यावरची ही नावं ऐकली की बहुतेकांना कंटेनर आणि वाहतूककोंडी आठवते. तमाशाच्या अभ्यासकाने मात्र ही ओळ शेवटाकडून वाचावी. पाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडमालकांच्या राहुट्या लागतात. गावोगावची जत्रा कमिटीची माणसं येतात, घासाघीस होते, सुपारी ठरते. मग फडांच्या गाड्या रस्त्याला लागतात. भोसरीला भैरवनाथाचा, मोशीला नागेश्वराचा उत्सव कारखाने येण्याआधी होता आणि आजही आहे. दिवसा बैलगाड्यांचा घाट, रात्री तमाशा, दुसऱ्या दिवशी हजेरीचा खेळ, हा या पट्ट्यातल्या जत्रांचा ठरलेला क्रम. पहिल्या पाळीला जाणारा कामगार आणि रात्रभर वाजवून गाडीत आडवा झालेला वादक पहाटे एकाच रस्त्यावर असतात.

हा दुसरा माणूस मराठी कादंबरीत कुठे सापडतो, एवढाच प्रश्न या अभ्यासाच्या मुळाशी आहे. फिरत्या वादकाचं आयुष्य आणि त्याची मैत्री हे मराठी साहित्याचं एक दालन मानावं, असं माझं म्हणणं. दालन अजून अर्धंअधिक रिकामं आहे. नव्या वाचकाला त्यात बसायला भरपूर जागा मिळेल.

जे आहे ते थोरच आहे. अण्णा भाऊ साठे यांची ‘वैजयंता’, आनंद यादव यांची ‘नटरंग’, विश्वास पाटील यांची ‘चंद्रमुखी’. तिन्हींत तमाशा आहे, आणि तिन्हींत उजेड पडतो तो नाचणाऱ्या देहावर. ते चूक नाही. सर्वांत जास्त किंमत त्याच देहाला मोजावी लागली. पण ढोलकी, हलगी, तुणतुणं, पेटी आणि मागे झील धरणारे सुरत्ये यांच्याशिवाय गणाचा पहिला शब्दही उभा राहत नाही, आणि ही मंडळी आपल्या साहित्यात बहुधा नुसत्या आवाजापुरती येतात.

विठाबाई नारायणगावकर (1935–2002) यांची एक हकिगत महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. दिवस भरलेले असताना त्या नाचत होत्या, कळा आल्यावर आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर आल्या. ही हकिगत नेहमी त्यांच्या धैर्याची म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. मला मात्र कादंबरीकाराच्या वतीने विचारावंसं वाटतं: त्या आत होत्या तेवढा वेळ समोरचं पब्लिक कोणी धरून ठेवलं? सोंगाड्याने बतावणी लांबवली असेल, ढोलकीवाल्याने हात मोकळा सोडला असेल. कनातीपलीकडे काय चाललंय हे ठाऊक असताना ताल न चुकवणं ही कसली मैत्री, आणि त्यात फडाच्या पोटाची काळजी किती? या प्रश्नावर एक अख्खं प्रकरण लिहिता येईल.

तमाशात मैत्रीचे पुरावे आधी नावांतच दिसतात. उत्तर पेशवाईतले होनाजी-बाळा: होनाजी रचणारा, बाळा गाणारा, एक गवळी, दुसरा शिंपी. लोकांनी दोघांचं मिळून एक नाव केलं. पुढे भाऊ-बापू मांग नारायणगावकर, काळू-बाळू कवलापूरकर. हे दोन्ही फड भावाभावांचे. काळू-बाळू तर जुळेच, मूळचे लहू आणि अंकुश खाडे. पण पठ्ठे बापूराव (1866–1945) आणि पवळा यांच्याकडे आलं की सावध व्हावं. ब्राह्मण शाहीर आणि महार कलावतीच्या सहवासाची कथा रंगवून सांगण्याचा मोह मोठा असतो. शैलजा पाईक यांचं ‘द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट’ (2022) शेजारी ठेवून ती वाचली की तमाशातल्या मोठेपणाची आणि बदनामीची वाटणी जातीनुसार कशी झाली, ते दिसू लागतं. बोर्डावर तालासुरात जुळलेली माणसं बोर्डाखाली एका पंगतीत बसत होती का, हे न विचारणारी कादंबरी मला तरी अपुरी वाटेल.

माझ्या मते सर्वांत मोठी न लिहिलेली कादंबरी मात्र जत्रेतली नाही, गिरणगावातली आहे. 1944 साली अण्णा भाऊ, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. वाटेगावचा मातंग, बार्शीचा मुसलमान आणि गवाणकर. तिघे मिळून कामगारवस्त्यांतून, गावांतून डफ-ढोलकी घेऊन फिरले, संयुक्त महाराष्ट्राच्या सभा त्यांनी गाजवल्या. अण्णा भाऊ आणि अमर शेख दोघेही 1969 सालीच गेले, जुलै आणि ऑगस्टमध्ये. ‘वैजयंता’ लिहिणारा माणूस स्वतः फिरता कलावंत होता, हे त्या पुस्तकाच्या प्रत्येक वाचकाने ध्यानात ठेवावं.

मैत्रीला पैशाची बाजूही असते. हंगामाआधी कलावंत फडमालकाकडून उचल घेतो आणि ती फिटेपर्यंत बांधला जातो. दुसऱ्या फडाने जास्त उचल देऊ केली, तर ढोलकीवाला एकटा जातो की हलगीवाल्यालाही घेऊन जातो? कोरोनात जत्रा बंद पडल्या, तेव्हा उचलीचं काय झालं? फडातली बरीच निष्ठा आणि बरीच भांडणं या हिशेबात सापडतील. फडमालकाची वही समीक्षेत अजून आलेली नाही. ती यायला हवी.

सुरुवात कुठून करावी, असं विद्यार्थी विचारतात. नामदेव व्हटकर आणि रुस्तुम अचलखांब यांनी तमाशाची घडण सांगितली आहे, ती आधी. मग भूषण कोरगावकर यांचं ‘संगीतबारी’ (2014), कारण ढोलकी फड आणि बारी यांतला फरक नीट कळल्याशिवाय पुढे जाऊ नये. त्यानंतर चैत्रात नारायणगाव गाठावं. फडमालक राहुटीत भेटतोच आणि बोलतोही भरपूर. त्याचं ऐकून झालं की गाडीजवळ बसलेल्या पेटीवाल्याकडे जावं. पावसाळ्यात पोट कशावर भरता आणि मागचा फड सोडलात तेव्हा बरोबर कोण आलं, हे दोन प्रश्न पुरेत. फक्त हजेरी संपल्यावर लगेच विचारू नये. तेव्हा त्याला झोप हवी असते.